हनमकोंड्याची सवाष्ण

अविधवा नवमीला हनमकोंड्याच्या बाईंनाच जेवायला बोलवायचं, हे बाळकृष्णरावांनी पितृपंधरवडा लागायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. वर्षापूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या त्यांच्या पत्नीची, सरोजताईंची किडनी त्या बाईंना बसवली, त्या शाळेत शिकवतात, आता ठणठणीत आहेत, असं त्यांना मुलाने, रितेशने सांगितलं होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकोच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तर हिच्याहून जवळची कोण? नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरी येईल त्याला ते हे ऐकवत. कोठीच्या बाजारातून हिरवी साडीही आणून ठेवली होती.

हनमकोंड्यात अशी बाईच नव्हती. हॉस्पिटलात चौकशी केल्यावर त्यांच्या मुलीला, हर्षदाला कळलं. आईच्या किडन्या कुणाला बसवण्याजोग्या निघाल्या नाहीत. रितेशच्या संमतीने त्या संशोधनाला दिल्या होत्या.

"नक्को सांगू, अक्का," रितेश फोनवर म्हणाला. "म्हातारा माणूस खूश आहे, ते तुला बघवत नाही काय की."

ती त्याच दुपारी वडिलांसमोर जाऊन बसली.

"बाबा, आईची किडनी कुणालाच बसवली नाही. तिच्या पेशी प्रयोगशाळेत आहेत."

"पेशी?" बाळकृष्णरावांचा जन्म दिवाणी कोर्टात वकिली करण्यात गेला होता. "कुठल्या कोर्टात? त्या बाईंनी दावा लावला की काय?"

"कोर्टातली तारीख नव्हे, बाबा. शरीरातल्या पेशी. किडनीत बारीक नळ्या असतात. त्यांच्या अस्तराच्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवतात."

"आमच्याकडंही वाढवायचे. पक्षकार मरून जाई, पेशी आपली वाढतच राही."

ते हसले. विनोद करून झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ लागला.

"वाढवून काय करतात?"

खोटं बोलायचं नाही, असं हर्षदाने ठरवलं होतं. "नवं औषध घालतात. किती मरतात ते बघतात."

"डॉक्टरचं नाव काढलं तरी तिला धडकी भरायची," एवढंच ते म्हणाले.

नवमीला रितेश बायकोला, शिल्पाला घेऊन आला. पाट मांडला होता. बाळकृष्णरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हनमकोंड्याच्या बाई?"

"ताप आलाय त्यांना, बाबा. व्हायरल."

वाढता वाढता हर्षदा थांबली. वडिलांची उलटतपासणी तिने लहानपणी कोर्टात बसून ऐकली होती. आता रितेशला पळता भुई थोडी होणार.

"जपायला सांग त्यांना," बाळकृष्णराव म्हणाले. "आणि ही साडी पोचती कर."

रितेशने साडी काखोटीला मारली. त्याची पापणीही लवली नाही. शिल्पा पाटावर बसली आणि जेवणं सुरू झाली.

सगळे गेल्यावर हर्षदाने विचारलं, "बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस. आणि खरं तेच सांगितलंस." ते अंगणाच्या दाराकडे बघत होते. "पण काचेच्या बशीसमोर मी पान कसं वाढू? तो खोटा का असेना, एक बाई तरी देतो. तू काय दिलंस?"

हर्षदाने खरकटी पानं गोळा केली आणि आत गेली.