मागच्या मालकाचा फोन नंबर

अर्जाच्या तिसऱ्या पानावर घोडं अडलं होतं. ‘मागील मालकाचे नाव व फोन नंबर.’ नाव होतं, नंबर कुठून आणणार? मागच्या मालकाने अकरा महिन्यांपूर्वी कारखान्याला टाळं ठोकलं, ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा विकल्या, आणि स्वतः कुठे गेला ते त्याच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नाही. सव्वीस वर्षं ज्याच्या छताखाली क्रेन चालवली तो माणूस असा हवेत विरून गेला, आणि आता नवे साहेब विचारतात, त्याचा नंबर द्या. वा रे वा!

क्रेनवाल्याची बायको टेबलाच्या अलीकडे काज-बटणांचं काम घेऊन बसली होती. पलीकडे तिचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे ‘सल्लागार’ म्हणत. नोकरी कशी मिळवावी यावर तो तासन्‌तास बोलायचा आणि स्वतः सात वर्षांत सहावी नोकरी करत होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. पण सध्या तो माणसं भरून देणाऱ्या एका एजन्सीत होता, म्हणून त्याचं ऐकावं लागत होतं.

“ताई, तुझा नंबर टाक,” तो म्हणाला.

“माझा?”

“अगं, निम्मं जग असंच करतं. कोणी बायकोचा देतं, कोणी मित्राचा. फोन आला की म्हणायचं, नमस्कार, प्रशासन विभाग. दोन मिनिटांचं काम. त्या लोकांना रकाने भरायचे असतात, बाकी कोणाला काय पडलंय?”

क्रेनवाला खिडकीशी पाठमोरा बसला होता. “तिला खोटं बोलायला लावू नका,” एवढंच तो म्हणाला. पण आवाज असा होता की लावा, कृपा करून लावा, असंच तिला ऐकू आलं.

त्याला तरी काय बोल लावणार! अकरा महिन्यांत त्रेचाळीस अर्ज झाले होते. दर वेळी कोणीतरी पोरगेला साहेब कागदावर बोट फिरवत वयाच्या रकान्यापाशी थांबायचा. बावन्न. “कळवतो हं काका.” काका! एकाने तर सरळ सांगितलं, की वॉचमनचं बघा. सल्लागाराच्या सांगण्यावरून त्याने केस काळे केले, फोटो नवा काढला, एकदा अर्जातली दहा वर्षंही खोडून पाहिली. केस दोन आठवड्यांत पुन्हा पिकले, माणूस मात्र उतरत गेला. आधी गप्पा गेल्या, मग भूक गेली. पावणेदोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. ती धावत वर गेली तर कठड्याला टेकून उभा. “काही नाही गं,” म्हणाला, “बघत होतो, आपल्या क्रेनपेक्षा उंच आहे का.” दुसऱ्या दिवसापासून गच्चीची किल्ली तिने स्वतःजवळ ठेवली.

म्हणून तिने स्वतःचा नंबर लिहिला. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी निवडायला बसलं तर माणूस बुडतो.

सल्लागाराने तिची तालीम घेतली. तो साहेब, ती प्रशासन विभाग. किती वर्षं होते? वागणूक कशी? नोकरी का सोडली? ती वहीत लिहून पाठ करत गेली, शाळेतल्या पोरीसारखी. शेवटचा प्रश्न आला, “काही शारीरिक त्रास?” आणि तिने वही मिटली.

त्रास होता. एकदा न्हाणीघरात, एकदा जिन्यात. दोन्ही वेळा जग गरकन फिरलं आणि त्याला भिंत धरून खाली बसावं लागलं. दोन्ही वेळा तिनेच उठवलं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर आला, “एकदा कागदावर आलं की संपलं! चक्कर येणाऱ्याला कोण वर चढू देईल?” चूक नव्हतं त्याचं. क्रेनची केबिन जमिनीपासून तीस फूट वर, कारखान्याच्या छताशी. तिथून हुकाला टांगलेली वितळलेल्या लोखंडाची बादली माणसांच्या डोक्यावरून न्यायची असते.

“काही त्रास नाही,” ती म्हणाली.

“शाब्बास!” सल्लागार म्हणाला. “पण जरा पटकन म्हण.”

बुधवारी त्याची चाचणी होती. आधी मेडिकल, मग प्रत्यक्ष क्रेनवर. तो सकाळीच गेला, आणि साडेअकराला तिचा फोन वाजला. हातातला शर्ट खाली पडला. वही कुठे? वही कपाटावर! पाचावर धारण बसली बाईची, पण तोंडाने बरोबर म्हणाली, “नमस्कार, प्रशासन विभाग.”

पलीकडून एका बाईचा दमलेला आवाज आला. एका ओतकामाच्या कारखान्यातून बोलते आहे, एका क्रेन चालकाबद्दल माहिती हवी आहे. प्रश्न ओळीने आले, उत्तरं ओळीने गेली. सव्वीस वर्षं. वागणूक उत्तम. कारखाना बंद झाला म्हणून.

“कधी अपघात?”

“एक ओरखडासुद्धा नाही,” ती म्हणाली, आणि इथे वही संपली, पुढचं तिच्या तोंडून आपोआप निघालं. “खाली किती माणसं आहेत ते मोजल्याशिवाय हा माणूस लिव्हरला हात लावत नाही. आज नऊ टाळकी, आज सात टाळकी. एकही कमी दिसलं तर घंटा वाजवत बसेल, पण वजन हलवणार नाही.”

“तुम्हाला ऑफिसात बसून हे कसं कळतं हो?”

“अहवाल येतो ना,” ती म्हणाली. तेवढ्यात मागे कुकरने शिट्टी दिली. एक, दोन, लाज सोडून चार. तिने फोन छातीशी दाबून धरला, पण आता काय उपयोग!

पलीकडून तोच दमलेला आवाज, “शेवटचा प्रश्न. चक्कर, फिट, डोळ्यांचा त्रास, असं काही?”

“नाही,” ती पटकन म्हणाली. “काही त्रास नाही.”

संध्याकाळी तो घरी आला तो जिना दणदणवतच. हातात पत्र होतं. सोमवारपासून रुजू! अकरा महिन्यांनी त्याने दोनदा वाढून घेतलं. तोंडाला नुसतं पाणी सुटावं तसं बोलणं सुटलं होतं त्याला. “अगं, क्रेन काय आहे, लोण्यासारखी चालते. खाली बारा टाळकी. त्यातला एक हुकवाला जवळजवळ बहिरा आहे, घंटाच ऐकू येत नाही त्याला. मी म्हटलं, मामा, तुम्ही फक्त माझ्याकडे बघत जा, तुमच्या डोक्यावर मी काही आणणार नाही. काय हसला म्हातारा!”

तीही हसली. भाऊ फोनवर ओरडत होता, “बघ ताई, मी म्हटलं नव्हतं?” आणि ती भांडी घासताना मोजत होती. बारा. त्यात एक बहिरा. बारा घरी बारा जणी असतील, कुकर लावत असतील. टाळक्यांचा आकडा तिने सव्वीस वर्षं रोज ऐकला होता, भाजीच्या भावासारखा. आज मात्र तो घशाखाली उतरेना.

गुरुवारी सकाळी तो केस कापायला निघाला. ती दारात उभी राहून बघत होती. जिन्याच्या पाचव्या पायरीवर तो थांबला. हात भिंतीवर सपाट टेकवला, डोळे मिटले. किती वेळ? चार श्वास असतील. मग मान वळवून वर बघितलं, ती दिसली तसा हसला. “बुटाची लेस,” म्हणाला. त्याच्या पायात चपला होत्या.

ती आत आली आणि खुर्चीवर बसली. स्वतःला खूप समजावलं तिने. आजची धरून तीनदाच आली. सोमवारपासून पोटभर जेवेल, झोपेल, आपोआप जाईल. आणि नोकरी गेली तर? तर गच्ची आहे, जिना आहे, रस्ता आहे. एका किल्लीने काय काय बंद करणार? एका बाजूला आपला माणूस, दुसऱ्या बाजूला तोंडही न पाहिलेले बारा. कोणती बायको विचार तरी करेल? पण त्याने त्या म्हाताऱ्याला शब्द दिला होता. आणि तो शब्द खोटा आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं.

कालचा नंबर फोनमध्ये होता. तिने तोच लावला.

“काल तुम्ही एका क्रेन चालकाबद्दल विचारलंत. प्रशासन विभाग बोलतेय.” “त्यांना चक्कर येते. तीनदा आली आहे. काल सांगायचं राहिलं.”

“राहिलं?” पलीकडची बाई हळूच म्हणाली. “मी स्पष्ट विचारलं होतं, ताई.”

ताई! काल मॅडम होती.

“तुमच्या प्रशासन विभागात काल चार शिट्ट्या झाल्या,” ती बाई पुढे बोलत राहिली. “मला का कळत नाही? आठवड्याला दहा फोन करते मी, त्यातले पाच स्वयंपाकघरात वाजतात. मी लिहून टाकते, समाधानकारक. माझाही घरीच बसलाय दोन वर्षं. पण हे आता तुम्ही मला सांगितलंत. न ऐकल्यासारखं कसं करू? उद्या काही झालं तर?”

“म्हणूनच सांगितलं.”

“हो.”

“खाली काही काम मिळेल का त्यांना? हुक लावायचं, झाडायचं, काहीही. हात फार चांगला आहे हो त्यांचा.”

“बावन्नला?” ती म्हणाली, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा उसासा टाकला. “खालच्या जागांना पस्तिशीची अट आहे. मी तरी काय करणार?”

चार वाजता फोन आला तेव्हा तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत होता. “हो मॅडम,” म्हणाला. “हो. हो, समजलं.” फोन ठेवला. ब्रश तसाच हातात.

“मेडिकलच्या कारणाने रद्द,” तो म्हणाला. “मेडिकल तर पास झालो मी. मागच्या मालकाकडून माहिती आली म्हणतात.” तो स्वतःशीच बोलत असावा तसं पुन्हा म्हणाला, “मागच्या मालकाकडून.” आणि मग हळूहळू त्याची नजर वर आली, तिच्यावर.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. “मी सांगितलं,” म्हणाली.

तो उठला. ब्रश भिंतीवर जाऊन आपटला. तिला वाटलं, आता हात उठणार. उठला असता तर बरं झालं असतं. पण तो तिच्याकडे न बघता दाराकडे निघाला, तशी ती धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

“सरक.”

“नाही सरकणार. शिव्या द्या, मारा, काय वाटेल ते करा. आज बाहेर जायचं नाही.”

“तुला कळतंय का तू काय केलंस? आता कोण घेणार मला? कोण?”

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि रडू फुटलं. “कोणी घेणार नाही, मला माहितेय. तरी जायचं नाही.”

तो तिच्यासमोर उभा होता, छाती वरखाली होत होती. मग तिथेच, दारापाशी, खाली बसला. तीही बसली. पॉलिशचा वास घरभर झाला होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढत होतं.

“किती वेळा आली म्हणून सांगितलंस?” त्याने विचारलं.

“तीनदा.”

“पाचदा,” तो म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले होते. “काल वरही आली. केबिनमध्ये. हुकाला वजन होतं आणि मला खालचं एकही टाळकं दिसत नव्हतं.”