काचेवरची हिरवी अक्षरं

माझा नवरा शोरूममध्ये गाड्या विकायचा. गिऱ्हाईक आलं की त्याचं वाक्य ठरलेलं: "नजर रस्त्यावर, माहिती काचेवर." वेग, वळणाचा बाण, फोनवर आलेला मेसेज, सगळं समोरच्या काचेत हिरव्या अक्षरांत तरंगायचं. आमच्या गाडीतही त्याने तेच बसवून घेतलं. त्याचा एक फायदा मात्र तो गिऱ्हाइकांना सांगत नसे: रस्त्यावरून नजर न हलवता बायकोला मारता येतं.

मोकळ्या हाताची मूठ थेट माझ्या बरगडीत यायची. "शहाण्याला शब्दाचा मार," तो म्हणायचा, "तुला हाताचा."

त्या काचेची गोम मला लवकरच कळली. अक्षरं उमटली की त्यांच्या पलीकडचं त्याला दिसत नसे. डोळे समोर असायचे, लक्ष अक्षरांत. एकदा मी ओरडले, "अहो, कुत्रं!" तोवर ते चाकाखाली गेलं होतं. "रस्त्यात काही नव्हतंच," असं म्हणून त्याने माझाच ओठ फोडला. तेव्हापासून गाडीत मला तोंड उघडायची बंदी होती.

त्या दुपारी त्याच्या मांडीवर चाकं खोलायचा पाना होता. माझा धाकटा भाऊ गिलाव्याची कामं करतो. आदल्या दिवशी तो दारात येऊन सांगून गेला होता, "ताई, सामान बांधून ठेव, तुला न्यायला येतोय." नवऱ्याने ते हसत ऐकून घेतलं होतं. आता आम्ही भावाच्या कामावर निघालो होतो.

"साल्याचे दोन्ही गुडघे फोडतो. मग चढू दे शिडीवर," तो म्हणाला. "आणि तू उभी राहून बघायचंस."

"मी कुठे जात नाही. गाडी फिरवा ना," मी म्हटलं. त्याने पाना माझ्या मनगटावर आपटला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्याची नजर रस्त्यावरच होती.

सरळ रस्ता होता, लख्ख ऊन. दूर आमच्याच बाजूला एक ट्रक बंद पडून उभा होता. मागे लोखंडी सळया चार-पाच हात बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. नवऱ्याचा सीटबेल्ट नेहमीसारखा पाठीमागून अडकवलेला, गाडीने कटकट करू नये म्हणून. मी माझा ओढून घट्ट केला. धड हाताने, मांडीच्या आडून, फोनवर दोन शब्द लिहिले आणि त्याला पाठवले.

समोर बघा.

त्याला वाचवायला नव्हे, हे स्पष्टच सांगते. ते शब्द कुठे उमटतील आणि काय झाकतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आता तू मला शिकवणार?" तो काचेकडे बघत म्हणाला. मी खाली वाकले.

सळया काच फोडून आत आल्या. एक त्याच्या गळ्यातून सीटच्या पाठीत घुसली. त्याचं रक्त माझ्या मानेवर पडत राहिलं, गरम. पाना हातातून सुटला नव्हता.

"एवढा मोठा ट्रक तुम्हाला दिसला असेल ना?" पोलिसाने विचारलं. "त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. बोलायची बंदी होती, म्हणून लिहून." मी फोन पुढे केला. त्याने मेसेज वाचला, मग माझ्या मनगटाकडे बघितलं आणि फोन परत दिला.

मी भावाला फोन लावला. तो शिडीवर होता.

"सावकाश उतर," मी म्हटलं. "आता घाई नाही."