दारावरचा काळा दोरा

कुलूपवाल्याचा गुडघा स्टिअरिंगला आपटला आणि एक पाय गाडीत, एक पाय बाहेर, असा तो अडकून राहिला. सीट पुढे सरकलेली होती.

दुकान बंद करून आला की चहाच्याही आधी त्याची पावलं मागच्या शेडकडे वळत. तीन कुलपं उघडायची, जुन्या मोटारीवरचं कापड उतरवायचं, तिच्या निळ्या अंगावरून मऊ फडकं फिरवायचं, घटकाभर आत बसायचं आणि पुन्हा सगळं बंद करायचं. गाडी वयाने त्याच्याहून थोरली. पाठ वाटोळी, दिवे मोठे, जणू कुणाची तरी वाट पाहत जागी राहिलेली बाई. ही सीट त्याच्या लांब पायांच्या मापाने शेवटच्या खाचेत बसवलेली होती. ती आपण होऊन पुढे येणार नव्हती.

"अगं, शेडमध्ये कुणी आलं होतं का?" त्याने अंगणातूनच विचारलं.

आत बायकोचं शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं नाही. "कोण येणार? तीन कुलपं ठोकलीत तुम्ही. मुंगी आली तरी तिला किल्ली मागावी लागेल."

कुलपांवर ओरखडा नव्हता. तेच त्याला जास्त लागलं. जन्मभर त्याने लोकांना त्यांचीच दारं उघडून दिली होती. कुलूप म्हणजे दाराने केलेली नुसती विनंती असते, ऐकणारा ऐकतो, न ऐकणारा आत येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तर तो रोज इंजिनातला रोटर काढून ठेवायचा. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, पण तो नसला की गाडीचा जीवच नसतो. तो त्याने बायकोच्या बटणांच्या डब्यात तळाशी दडवला होता. चोर घर उलथंपालथं करील, पण बटणं कोण चाळत बसणार?

त्याने डबा हलवून पाहिला. रोटर होता. तरी रात्रीचा घास त्याला गोड लागला नाही. पलीकडच्या गल्लीतली अशीच एक जुनी मोटार मागच्याच महिन्यात चोरांनी उचलली होती. तिच्या जागी आता नुसता तेलाचा डाग होता. तो डाग बघायला तो मुद्दाम जाऊन आला होता.

"गाडीच्या काळजीने वाळाल एखाद दिवशी," बायको म्हणाली.

"तुझ्या बाबांची ठेव आहे. गेली तर तोंड कुठे दाखवू?"

ती उठून भांडी आवरू लागली.

गाडी तिच्या बाबांची हे खरंच होतं. ते एका डॉक्टरांचे ड्रायव्हर. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी गाडी ड्रायव्हरच्याच हाती ठेवली, आणि ड्रायव्हर गेला तेव्हा ती लेकीच्या अंगणात आली. लग्नाआधी ही पोर बाबांच्या शेजारी बसून गिअर टाकायची म्हणे. इथे गाडी आली त्या आठवड्यात तिने एकदा किल्ली मागितली होती. "बाहेर काढली की लोकांच्या डोळ्यांवर येते," असं म्हणून त्याने पहिलं कुलूप आणलं होतं. पुन्हा तिने मागितली नाही.

मग संशयाची पाळी एकेकावर येत गेली. आधी मिस्त्री. वर्षाकाठी तोच गाडीचं पोट उघडून बघायचा.

"मिस्त्री, हिची चौकशी करायला कुणी येतं का तुमच्याकडे?"

"सगळेच करतात, दादा. पण इंजिन काय ठेवलंय तुम्ही! उभ्या गाडीचं असं नसतं हो. हे फिरत्या गाडीचं इंजिन."

"फिरत्या?"

मिस्त्रीने मान खाली घालून हात पुसले. "म्हणजे, तसं वाटतं आपलं."

कुलूपवाला त्याच्याकडे बघतच राहिला. हाच फिरवत असणार. नाहीतर बोलता बोलता असा अडखळला कशाला?

शेजारच्या मास्तरांच्या व्हरांड्यातून शेडचं दार सरळ दिसे. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"मास्तर, दुपारी इकडे कुणी फिरकतं का?"

"गेलं काय तुमचं?"

"गेलं काही नाही."

"मग चोर तुमच्यापेक्षा सरळ म्हणायचा. माझी शिडी नेलीत ती अजून परत आली नाही." मास्तर हसले आणि वर्तमानपत्र उगाचच मोठ्याने उलटत त्यामागे गेले. म्हणजे हेही सामील. त्याला सगळी गल्ली एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, असं दिसू लागलं.

त्या संध्याकाळी त्याने बायकोच्या पेटीतून काळ्या दोऱ्याचं रीळ उचललं.

"दोरा कशाला?"

"काम आहे."

"काय शिवताय?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. सुई हवी असेल तर मागा."

गाडीच्या दाराच्या मुठीपासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत त्याने दोरा ताणून बांधला. अंधारात दिसणार नाही, दार उघडलं की तुटेल. दुसऱ्या दिवशी दोरा शाबूत. तिसऱ्याही दिवशी शाबूत. त्याला थोडं बरं वाटलं, आणि थोडं फसवल्यासारखंही.

मग एका संध्याकाळी दोरा सोडायला तो वाकला आणि हात तिथेच राहिला. त्याने खिशातून चष्मा काढला. त्याची गाठ नेहमी ढोबळ, चार वेढ्यांचं गाठोडं, दोन शेपट्या लोंबणाऱ्या. ही गाठ मोहरीएवढी होती. टोकं जवळून कापलेली, दोरा कुठे पिळलेला नाही. चोराने दोरा तोडला होता, नवा आणून पुन्हा बांधला होता, आणि बांधताना त्याच्याच्याने वाईट गाठ मारवली नव्हती.

कुलूपवाल्याने मनगट उलटं करून उजेडात धरलं. सदऱ्याच्या बाहीवरच्या बटणाखाली तीच गाठ होती. गळ्याशी तीच. अंगावरच्या प्रत्येक बटणाखाली तीच.

त्याने गाडीला टेकून श्वास घेतला. ती? पण ती कुणासाठी उघडते? तिच्या भावाची गाडीवर पहिल्यापासून नजर. की आणखी कुणी? ज्या माणसावर संशय घ्यायचं कधी सुचलंच नाही, त्याच्यावर एकदा घेतला की तो थांबायचं नाव घेत नाही. जेवताना तिने भाजी वाढली, तर त्याला वाटलं, आज हात थोडा जास्तच सैल आहे.

सकाळी तो म्हणाला, "एका तिजोरीचं काम आहे. लांब जायचंय. उशीर होईल."

"डबा देऊ?"

"नको."

तो गल्लीला वळसा घालून अंगणाच्या मागून आला, शेडच्या मागच्या लहान दारातून, ज्याची आतली कडी त्याने रात्रीच काढून ठेवली होती, आत शिरला आणि जुन्या टायरांच्या राशीमागे बसला. स्वतःच्या घरात चोरासारखं बसताना त्याचे गुडघे दुखले.

दुपारी पुढची कुलपं उघडली. एक, दुसरं, तिसरं. न अडखळता, घरच्या किल्ल्यांनी. किल्ल्या त्यानेच स्वयंपाकघराच्या दारावर उंच खिळ्याला टांगल्या होत्या, चोराचा हात पोचू नये म्हणून. ती स्टुलावर चढून काढत असणार.

ती एकटी होती. काखेत शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या मुठीत रोटर. गाठोडं तिने मागच्या सीटवर ठेवलं. बॉनेट उचलून रोटर बसवला, न बघता, कुणी झोपेतल्या लेकराचं टोपडं सारखं करावं तसा. सीट पुढे ओढली. आरसा आपल्या डोळ्यांपुढे आणला. आणि गुणगुणली, अगदी हलक्या आवाजात:

"बाप माझा गाडीवान, त्याची मैना निळी निळी,
वळणावर हात देई, लेक बसली जवळी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गाडीला नाव आहे हे त्याला आज कळलं.

इंजिन पहिल्याच हाकेला जागं झालं. त्याला ते रविवारी जागच्या जागी चालू करून बघतानाही दोनतीनदा विनवावं लागे. शेजारच्या सीटच्या पाठीवर हात टाकून, मान वळवून, तिने गाडी त्या अरुंद दारातून एका झोकात मागे काढली. वर्षातून एकदा मिस्त्रीकडे न्यायला तो काढायचा तेव्हा मास्तर पुढे उभे राहून ओरडायचे, आणि तरी डावीकडे एक ओरखडा पडायचाच. तो हात त्याने ओळखला. सासरे असाच टाकायचे.

व्हरांड्यातून मास्तरांचा आवाज आला. "आज उशीर झाला, वहिनी."

"कॉलर पुन्हा उसवावी लागली, मास्तर. येते."

गाडी गेली. तो उठून मधोमध उभा राहिला. तिथे कधी ऊन पडलेलं त्याने पाहिलं नव्हतं. फरशीवर तेलाचा एक डाग होता, पलीकडच्या गल्लीत पाहिला होता तसाच. आणि पहिल्यांदाच त्याला गाडी जाण्याची भीती वाटली नाही. बायको परत आली नाही तर, एवढंच वाटलं. रस्ता मोकळा आहे, गाडी चांगली आहे, हात त्याहून चांगला आहे. परत येण्यासारखं इथे आपण काय ठेवलंय, हे तो तीन उघड्या कुलपांकडे बघत आठवू लागला.

इंजिनाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा तो घाईने टायरांमागे गेला. ती उतरली. गाल उन्हाने लाल, केस विस्कटलेले. आज तिने आठवणीने सीट मागे सारली. रोटर काढला, कापड घातलं, दोरा बांधला. टोक दातांनी तोडताना ती क्षणभर टायरांच्या दिशेला बघत राहिली. त्याने श्वास धरला. मग कुलपं लागली.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी पुढच्या दाराने घरी आला.

"झालं का तिजोरीचं?" तिने विचारलं.

"उघडली."

"काय निघालं?"

"मालकाचंच होतं सगळं."

तो शेडमध्ये गेला. बॉनेटवर तळवा ठेवला. अजून ऊब होती. फडकं फिरवलं नाही. दोरा तसाच राहू दिला, पलीकडच्या दाराने हात घालून सीट पुढे ओढली, तिच्या मापाच्या खाचेपर्यंत.

मग स्वयंपाकघरात येऊन त्याने दारावरचा उंच खिळा उपटला आणि हातोडी घेऊन भिंतीवर जागा शोधू लागला. शिवणयंत्र थांबलं.

"आता भिंतीला आणखी एक भोक कशाला?"

"इकडे ये जरा. हात वर कर. नाही, एवढा नाही. सहज जातो तेवढाच."

तिने हात उचलला. तिच्या बोटांच्या टोकाशी त्याने खिळा धरला आणि ठोकला. किल्ल्या टांगल्या. त्या थोडा वेळ हलत राहिल्या, दोघंही त्यांच्याकडे बघत होते.

"मास्तरांची शिडी तेवढी देऊन या," ती म्हणाली, आणि जाऊन पुन्हा यंत्रावर बसली.