सामाईक कोपरा

वैजयंतीनं खात्याचा नंबर दाबून सारजाबाईंची किटली काट्यावर ठेवली. आकडा स्थिरावला आणि कॉम्प्युटरमधून सुदर्शनचा आवाज आला, "आई, आलीस का?"

"आले रं," सारजाबाई म्हणाल्या.

वैजयंतीच्या अंगावर रोजच्यासारखा शहारा आला. पारगावच्या या दूध डेअरीत तिच्याआधी सुदर्शन बसायचा. दूध घालणाऱ्या प्रत्येकासाठी त्यानं हौसेनं आपल्या आवाजात हाक भरून ठेवली होती, आईसाठीची ही. दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला, हाका तेवढ्या मागं राहिल्या. गेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून त्याचंच बोलणं ऐकायचं, हे तिला सोसवेना. म्हणून तर आज तिनं कॉम्प्युटरवाल्या कपिलला बोलावलं होतं.

जुना कॉम्प्युटर मोडकळीला आला तेव्हा कपिलनंच त्यातलं सगळं बिऱ्हाड नव्याच्या पोटात बसवलं होतं. बाहेरचा नवा कॉम्प्युटर यजमान, त्याच्या आत चालणारा जुना पाहुणा. यजमानाच्या मेमरीतला एक कोपरा दोघांत सामाईक, दोन घरांमधल्या ओट्यासारखा. यजमान तिथं नंबर आणि वजन ठेवी. ते दिसलं की पाहुणा हाक मारी.

"लई मेमरी खातोय ह्यो," कपिल म्हणाला. "एक दिवस पाहुणा, दोन दिवस पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. नवं सॉफ्टवेअर टाकलंय, ह्याला आता काढतो."

वैजयंतीनं मान डोलावली आणि फॅटच्या मशीनकडे बघून थबकली. कालपर्यंत सात लागणारं फॅट आज साडेतीनवर आलं होतं.

"मावशी, हे म्हशीचं दूध न्हाई."

सारजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हैस आटली, पोरी. लंकाबाईकडनं गाईचं इकत आणलं. रिकाम्या हातानं आले असते तर त्यानं हाक मारली असती व्हय?"

कपिलचा हात माऊसवर तसाच राहिला.

"राहू द्या त्याला, भाऊ," वैजयंती म्हणाली.

"कॉम्प्युटर हळू चालंल."

"चालू द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारजाबाई रांगेत सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या, किटली न घेता. त्यांची पाळी आली तशी वैजयंतीनं नंबर दाबला. काटा रिकामा होता. आतून काहीच येईना. सारजाबाई थोडा वेळ थांबल्या आणि माघारी वळल्या.

वैजयंती खुर्चीतून उठली. तिनं आपला तळहात काट्यावर दाबला आणि आकडा स्थिरावेपर्यंत तसाच धरून ठेवला. आज ती हाक तिलाही ऐकायची होती.

"आई, आलीस का?"

सारजाबाई दारातच थांबल्या.