ताईत आणि नेम

"बोल हरिणी, बोल! का बिघडवलास ह्याचा नेम?"

ओला दोर सपकन मीनलच्या पाठीवर बसला. साउथहॅम्प्टनजवळच्या फार्मवरच्या कोठारात लंडनच्या ईलिंगहून कोच भरून आलेले भक्त हात जोडून उभे होते. मीनल किंचाळली की दोर उगारत अवधूत महाराज म्हणत, "ऐका, हरिणी रडतेय!" तिचे हात धरले होते तिच्याच नवऱ्याने, पुरुषोत्तमने.

पुरुषोत्तम परवाना असलेला शिकारी. शंभर मीटरवर त्याच्या तीन गोळ्या पेढ्याएवढ्या जागेत बसत. खंडेनवमीला त्याने हौसेने महाराजांकडून रायफलची पूजा करवून तिला ताईत बांधून घेतला आणि पुढच्याच शिकारीत नेम चुकला. हरिणीचा जबडा उडाला. दोन दिवसांनी ती ओढ्याकाठी सापडली, जिवंत. तिला पाहून मीनल ढसाढसा रडली, म्हणून हरिणीचा आत्मा मीनलमध्ये शिरला, असं महाराजांचं निदान. मग दर आठवड्याला मीनलला मार आणि रायफलला नवा ताईत. नेम मात्र आणखीच बिघडत गेला.

लेक वरदा, शाळेत फिजिक्स शिकवणारी, धावत आत आली ती दोर आणि आई यांच्यामध्येच उभी राहिली. पुढचा फटका तिच्या खांद्यावर बसला.

"बाबा, आईला सोडा! आधी रायफल चेक करा!"

"पोरी, विज्ञान संपतं तिथे आम्ही सुरू होतो," महाराज म्हणाले. हे वाक्य अशा लोकांना बहुधा दोराबरोबरच मिळत असावं.

वरदाने पूजेला मांडलेली रायफल रिकामी करून महाराजांचंच पत्रक नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवलं. ताइतांच्या भगव्या दोऱ्यापाशी ते अडलं.

"तुम्हीच शिकवलंत ना बाबा, बॅरल लाकडाला टच नाही झाली पाहिजे?"

तिने दोरा कापला. फटीत ठोकलेले तांब्याचे तीन ताईत उपसून काढले. पुरुषोत्तमने बाहेर मातीच्या बांधावर तीन गोळ्या झाडल्या. पेढ्याएवढी जागा!

"महाराजांची कृपा!" कुणीतरी ओरडलं.

वरदाने एक ताईत परत ठोकला. गोळी हातभर बाजूला. काढला, पुन्हा मधोमध.

"गोळी सुटताना नळी थरथरते, तापते. ताईत तिला एका बाजूला ढकलतो. दॅट्स ऑल."

महाराजांनी हे जाणूनबुजून केलं की अडाणीपणाने, हे वरदाने पोलिसांना फोन करताना विचारलं नाही. वळ दोन्ही प्रकारांत सारखेच उठतात.

मीनल नवऱ्याला म्हणाली, "बंदुकीची तीन गोळ्या झाडून परीक्षा घेतलीत. मला मात्र थेट शिक्षा?"

तुम्हीआम्ही तरी दोर उचलण्याआधी फटीत कागद सरकवून बघूया.