अर्धा सूर

टिल्डाने श्वास भरला, तोंड उघडलं आणि वरचा सूर फाटला.

पियानोवाला थांबला नाही. त्याने उरलेल्या दोन ओळी वाजवल्या, तिने त्या गायल्या. टेबलामागच्या दोघांपैकी बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. फार नाही. एखादाच शब्द असेल.

"थँक यू, टिल्डा. लांबून आलीस."

"नेब्रास्काहून."

"बापरे. बर्फातून?"

"हो."

"जपून जा हं."

खोलीतला पलंग काढून टाकला होता, पण पलंगाच्या उशाचे दिवे भिंतीवर तसेच होते. दोन दिव्यांच्या मधे उभं राहून टिल्डाने फाइल उचलली आणि बाहेर आली. अकराव्या मजल्याच्या कॉरिडॉरमधे भिंतीला टेकून तीस-चाळीस पोरं बसली होती. कुणी ओठ फुरफुरवत होतं, कुणी पाय ताणत होतं, कुणी डोळे मिटून संवाद पुटपुटत होतं. प्रत्येक दारावर एका कॉलेजचं नाव चिकटवलेलं. दरवर्षी जानेवारीत शिकागोच्या या हॉटेलात देशभरातली कॉलेजं येतात आणि संगीत नाटकाच्या कोर्ससाठी मुलं निवडतात. एकेका कॉलेजला हजार-बाराशे अर्ज. घेतात चौदा, नाहीतर सोळा.

टिल्डाने अकरा ठिकाणी व्हिडिओ पाठवले होते. सात जणांनी तिथेच नाही म्हटलं. एकाची ऑडिशन पुढच्या महिन्यात होती. उरलेली तीन आज, इथे. त्यातलं एक आत्ता गेलं.

खाली मोठ्या हॉलमधे आईबापांना बसवलं होतं. तिचे आजोबा, ऑरिन, एकटेच कोपऱ्यात शब्दकोडं घेऊन बसले होते. अंगात चर्चला जायचा कोट. तिला बघून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"काय?"

"फाटला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? वरच्याला. अजून कुठे फाटणार?"

"घरी कधी फाटत नाही."

"माहितीये मला, आजोबा."

थर्मासमधून गरम पाणी ओतून त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. काल नऊ तास पिकअप चालवून ते तिला घेऊन आले होते. आईला वृद्धाश्रमातली ड्यूटी सोडता आली नाही. आणि तसंही, गाण्याचं सगळं आजोबांकडेच होतं. चाळीस वर्षं ते चर्चमधे ऑर्गन वाजवत होते आणि तालुकाभरचे पियानो जुळवत होते. टिल्डा सहा वर्षांची असल्यापासून घरच्या पियानोवर त्यांनी वाजवायचं आणि तिने गायचं.

बाराची दुसरी ऑडिशन. या वेळी फाटला नाही, कारण तिने जोरच लावला नाही. सूर बारीक लागला, दारामागून कुणीतरी हाक मारावी तसा. परीक्षकाने चष्मा वर केला.

"जरा खालच्या पट्टीतलं काही आहे का तुझ्याकडे?"

होतं. तिने ते गायलं. तो फार प्रेमाने हसला, आणि त्या हसण्यावरूनच तिला कळलं.

आता एकच राहिलं होतं. चार वाजून चाळीस मिनिटांनी, ओहायोचं. आणि तिला हवं होतं तेच नेमकं हे. चौदा जागा. तिच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने दोन वर्षांपासून याच कॉलेजचं पत्रक चिकटवलेलं होतं.

लॉबीत एक मोठा काळा पियानो होता. त्यावर पाटी: कृपया वाजवू नये. आजोबांनी आईने बांधून दिलेले कोबी आणि खिमा भरलेले पाव काढले. टिल्डाला भूक नव्हती. गळ्यात दुखत नव्हतं, सर्दी नव्हती, रात्री झोपही झाली होती. तिने गुणगुणत तो सूर शोधला. घरी लागतो तोच, छातीत जिथे जाणवतो तिथे. सापडला. तो धरून ठेवत तिने पियानोचं झाकण उचललं आणि तिच्या नोटेशनमधली ती पांढरी पट्टी दाबली.

जुळला नाही.

तिने परत गुणगुणलं. परत दाबली. मग डावीकडची काळी दाबली.

जुळला.

"मॅडम, प्लीज," काउंटरवरून आवाज आला.

तिने झाकण लावलं आणि आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"आपला घरचा पियानो सुराने खाली आहे?"

आजोबांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी तो सावकाश चावला, गिळला, हात पुसले. मग म्हणाले, "अर्धा सूर."

"कधीपासून?"

"तुझी आई लहान होती. शाळा बंद पडली तेव्हा तो पियानो मी उचलून आणला. दोन हिवाळे कोठारात पडून होता. तारा ताणायच्या खुंट्यांचं लाकूड तडकलेलं. पहिल्यांदा सूर वर ओढला तर तार तुटली. तुझी आजी शेजारी उभी होती. तिच्या भुवईवर खूण होती, आठवते?"

"ती गायीचं शिंग लागल्याची ना?"

"गाय म्हणून सांगायचो सगळ्यांना." त्यांनी पावाच्या कागदाची घडी घातली. "तार एक इंच खाली लागली असती तर डोळा गेला असता. त्या दिवशी सगळा पियानो अर्ध्या सुराने उतरवून ठेवला. आपापसात जुळलेला आहे ना, मग झालं. आणि नंतर... नंतर कानाला तोच खरा वाटायला लागला."

"तुम्ही पियानो जुळवता, आजोबा."

"हो."

"लोकांचे."

"हो, पोरी."

तिला ओरडावंसं वाटत होतं. पण म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते, आणि ते कोटाचं बटण लावत होते, काढत होते. शाळेच्या नाटकात तिला कायम खालच्या आवाजातले रोल मिळाले. हे गाणं एका नाटकातल्या जत्रेच्या तिकीटवालीचं होतं; ते तिने ऑडिशनसाठी उचललं, आणि फक्त घरी, त्या पियानोवरच बसवलं. सूर सोपा वाटायचा. वाटणारच.

"किती वेळ आहे?" आजोबांनी विचारलं.

"तीन तास."

"काउंटरवरून कोरे कागद आण. आणि खोडरबर."

"कशाला?"

"अर्धा सूर खाली लिहून देतो. तो तुकडा एका पानात बसतो. पियानोवाल्याने ते वाचायचं, तू घरच्यासारखं गायचं. माझी चूक आहे, मी निस्तरतो."

त्यांनी शब्दकोड्याच्या पुस्तकाची कड पट्टीसारखी धरली आणि पाच रेघांचा पहिला संच ओढला. रेघ सरळ आली.

टिल्डा चौदाव्या मजल्याच्या जिन्यात गेली. मोबाइलवर खरा सूर लावला आणि गायला लागली. फाटला. परत. फाटला. तिसऱ्यांदा लागला, चौथ्यांदा नाही. जिन्यात आवाज घुमायचा, त्यामुळे अपयशही चांगलं मोठ्याने ऐकू यायचं.

"ए बाई, माझ्या डोक्यात बसलं तुझं गाणं," खालच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं. टेक्सासची कॅलिस्टा. सकाळपासून रांगेत हिच्या पुढे-मागे होती. नाकाला वाफेचं मशीन, मशीनची वायर धरून वरच्या पायरीवर तिची आई.

"सॉरी."

"सॉरी काय! अडलंय कुठे?"

टिल्डाने थोडक्यात सांगितलं. कॅलिस्टाने मशीन खाली घेतलं.

"आणि आजोबा हाताने लिहितायत? अगं वेडे, वरच्या खोल्यांत सगळे इलेक्ट्रिक पियानो आहेत. एक बटण असतं. अर्धा सूर खाली कर म्हणायचं, दोन सेकंदांत होतं. मी गेल्या आठवड्यात न्यूयॉर्कला केलं."

"बटण?"

"बटण. मम्मी, सांग हिला."

"असतं गं बटण," आई म्हणाली. "पण तू आता बोलू नकोस, कॅली. वाफ घे."

टिल्डा पायरीवर बसली. खाली तो म्हातारा पेन्सिलीला टोक करत करत एकेक सूर उतरवत असणार, आणि वर एक बटण होतं.

"मग सांगणार ना?" कॅलिस्टाने मशीनमधून विचारलं.

"नाही."

"का?"

"पुढची चार वर्षं रोज कुणाला तरी बटण दाबायला सांगू?"

"आधी आत तर जा. मग बघ ना चार वर्षांचं."

"सात वेळा फाटला," टिल्डा म्हणाली, "आणि चारदा लागला. मगाशी तीनातून एकदा लागत होता."

"हिशेबाने नाटकात जायला निघालीये ही," कॅलिस्टा आईला म्हणाली. पण मग ती उठली, वायर ताणेल तितकी वर आली. "तू सुरावर उडी मारतेयस. खालूनच जोर घेऊन येतेस आणि तिथे पोचेपर्यंत संपतेस. आधीची ओळ हलकी गा. अगदी आळशासारखी. गा बघू."

टिल्डाने गायलं.

"अजून आळशी."

"कॅली, वाफ!"

"थांब गं मम्मी. परत गा."

सव्वाचारला ती खाली आली तेव्हा आजोबांचं पान तयार होतं. छापल्यासारखं नव्हतं, पण शाळेत बक्षीस मिळेल असं अक्षर. जिथे तिला श्वासाला वेळ लागतो तिथे वर बारीक लिहिलं होतं: इथे तिच्यासाठी थांबा. कागदाला शब्दकोड्याच्या पुस्तकातली लाल क्लिप लावलेली.

"क्लिप त्यालाच काढू दे," आजोबा म्हणाले. "नाहीतर कागद गुंडाळतो."

"बरं."

"रागावलीस?"

"आत्ता वेळ नाहीये, आजोबा."

ते हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

या खोलीत पियानोवर एक पन्नाशीची बाई होती, खांद्यावर शाल, पायात लोकरीचे मोजे. सकाळपासून वाजवून कंटाळलेली, पण हात नीट ठेवणारी. टिल्डाने तिच्यासमोर फाइल धरली. मागच्या कप्प्यात आजोबांचं पान होतं. बाईच्या उजव्या हाताशी बटणांची एक लहानशी रांग होती. कॅलिस्टा खोटं बोलली नव्हती.

टिल्डाने छापील पान उघडलं.

"काही बदल?" बाईने विचारलं.

"नाही. जसं छापलंय तसं." मग तिने बोट ठेवलं. "फक्त इथे जरा थांबाल? माझ्यासाठी."

"थांबेन की."

टिल्डाने मांडीवर हलकेच थाप देत लय दाखवली. इथल्याही उशाच्या दिव्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. नाव सांगितलं, संवाद म्हटला. मग बाईने सुरुवात केली.

आधीची ओळ तिने आळशासारखी गायली. संध्याकाळी जत्रा रिकामी होत आलीये आणि आता कोण येणार तिकीट घ्यायला, अशी. बाई थांबली. खोलीत फक्त हीटरचा आवाज. टिल्डाने श्वास घेतला.

सूर लागला. देखणा नव्हता, कडेला थोडा खरबरीत होता. पण मधे होता, आणि ती त्याच्यावर उभी राहिली. एक, दोन, तीन, चार. मग तिने तो स्वतः सोडला.

टेबलामागच्या माणसाने लिहिणं थांबवलं होतं.

"कुठे शिकलीस गाणं?"

"घरी. आजोबांकडे."

"ते आलेत?"

"खाली बसलेत."

त्याने मान हलवली. आणखी काही विचारलं नाही. निकाल मार्चमधे, असं शेजारची बाई म्हणाली, आणि पुढच्या नंबरची हाक गेली.

हॉल निम्मा रिकामा झाला होता. आजोबा कोट घालून, थर्मास बंद करून उभेच होते.

"अक्षर लागलं का पियानोवाल्याला?"

"लागलं."

"थांबला तो?"

"थांबली. बरोब्बर थांबली."

"मग झालं," आजोबा म्हणाले, आणि मोठा श्वास सोडला.

"जरा धरा हे." टिल्डाने फाइल त्यांच्याकडे दिली आणि बर्फातले बूट चढवायला खाली वाकली. नाड्या ओल्या होत्या, सुटत नव्हत्या. आजोबांनी तोवर फाइलचं मागचं पान उलटलं. कप्प्यात कागद होता, त्यांनी ठेवला तसाच, लाल क्लिप लावलेली. त्यांनी क्लिपवरून अंगठा फिरवला. मग फाइल मिटली आणि काखेत धरली.

टिल्डा उठली.

"चल," ते म्हणाले. "बर्फ वाढायच्या आत गावाबाहेर पडू."

पिकअपने टोलनाका मागे टाकला. टिल्डाने उरलेला पाव काढला. थंड झाला होता, तरी तिने अख्खा खाल्ला. दोन्ही बाजूंना बर्फाने झाकलेली शेतं सुरू झाली आणि आजोबांनी वायपर बंद केला.

"घरी गेलो की तारा मागवायला लागतील," ते म्हणाले.

"कसल्या?"

"पियानोच्या. आठ-दहा तरी."

टिल्डाने त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"वर ओढताना तुटतील," ते म्हणाले. "सगळ्या नाही. पण तुटतील. तू तेव्हा त्या खोलीत यायचं नाही."

टिल्डाने पावाचा कागद चुरगळून खिशात घातला.

"आपल्याकडे वेल्डिंगचे चष्मे किती आहेत?"

आजोबांनी पिकअपचा हीटर वाढवला.

"दोन," ते म्हणाले. "एकाची काच तडकलीये."

"तो मी घालीन."