दीड फुटाचं कडं

कारखान्यात मामाला सगळे मुंगूस म्हणत, कारण तो बिळात शिरायचा.

बीळ म्हणजे टाकीचं तोंड. आणि टाकी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं वाटेल. वस्तीबाहेर, तारांच्या गर्दीत घुं घुं करत उभे असतात ते मोठे ट्रान्सफॉर्मर इथे बनत. खोलीएवढी लोखंडी पेटी. तिच्यात तांब्याची वेटोळी उतरवायची, झाकण घट्ट करायचं, आणि मग आतल्या तारा जोडायला एक माणूस आत पाठवायचा. दार नाही. बाजूला दीड फुटाचं गोल भोक. त्यातून आधी हात, मग डोकं, मग उरलेला माणूस. आत उभं राहता येत नाही, बसताही येत नाही. कुशीवर पडून, गुडघे छातीशी घेऊन, नाकापासून वीतभर अंतरावर पाना फिरवायचा. भिंती तेलाने बुळबुळीत. घामही तेलातच जिरतो.

मामा एकवीस वर्षं हेच करत होता. त्याच्या उशीचा अभ्रा कितीही धुतला तरी पिवळाच राहायचा. शिंकला की रुमालावर पिवळं यायचं. जेवणाचा पहिला घास नेहमी तेलकट लागायचा. मामी म्हणायची, "तुमच्या कानात वात घातली तर घरात दिवा लागेल." तो हसायचा. आपल्यातली किळस केव्हाच मेली, असं त्याला वाटत होतं.

ती जिवंत आहे हे भरतीच्या दिवशी कळलं.

भरती कॅन्टीनच्या हॉलमध्ये होती. टेबलं भिंतीला सरकवली होती, मधोमध एक लाकडी चौकट उभी केली होती आणि चौकटीत प्लायवूडचं एक कडं बसवलं होतं. त्याला कोणीतरी पिवळाधमक रंग दिला होता, वर दोन डोळे काढले होते, आणि भोकालाच तोंड समजून भोवती लाल ओठ रंगवले होते. खाली अक्षरं: 'आत या, घर तुमचंच आहे.'

मामा दारातच थबकला. ते कडं त्याने स्वतः कापलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी एक ढेरपोट्या फिटर टाकीच्या तोंडात कमरेशी अडकला होता. पाऊण तास तो आत रडत होता आणि बाहेर त्याचे पाय धरून लोक हसत होते. त्याच संध्याकाळी मामाने पॅकिंगच्या प्लायवूडमधून नेमक्या मापाचं कडं कापलं, कोणाचं कातडं सोलवटू नये म्हणून आतली कड पॉलिश पेपरने घासघासून गुळगुळीत केली, आणि टाकीखात्यात खिळ्याला टांगलं. यातून जो जात नाही त्याने आत जायचं नाही. कोणाचा जीव गुदमरू नये, एवढ्याचसाठी केलेली वस्तू होती ती. आता तिच्या ओठांसमोर पन्नास माणसांची रांग उभी होती.

"या या, मुंगूस," हसरा साहेब म्हणाला. भरतीचं काम त्याच्याकडे होतं. कोणाला कामावरून कमी केल्याचं सांगतानाही त्याचे दात दिसत, म्हणून ते नाव. "आज तुम्ही आमचे हिरो. जरा वेळाने एकदा आरपार जाऊन दाखवायचं. फोटोवाला आहे."

रांगेतला एकेक जण पुढे येत होता. हात पुढे, डोकं आत, मग खांदे. कोणी स्वेटर काढला, कोणी शर्टही. फोटोवाला म्हणत होता, "परत एकदा, पण हसत." कमरेशी अडलेल्याला साहेबाचा मदतनीस हातातल्या पट्टीने कुल्ल्यावर हलका फटका मारायचा आणि म्हणायचा, "पुढचा." एक उंच, गालफडं बसलेला वेल्डर सर्रकन पलीकडे गेला आणि अभिमानाने म्हणाला, "परवापासून नुसत्या पाण्यावर आहे, साहेब."

"वा, याला म्हणतात तयारी," साहेब म्हणाला.

मामाने नजर रांगेकडे वळवली.

रांगेत सतरावी होती त्याची भाची, ताईची थोरली. छातीशी फाईल धरून उभी. विजेचा डिप्लोमा घेऊन दोन वर्षं घरी बसलेली. टेस्टिंगमध्ये दोन जागा निघणार असं मामानेच ताईला सांगितलं होतं, साहेबाच्या तोंडून ऐकून.

"टेस्टिंगला तूर्त नाही," साहेबाने तिचे कागद उघडलेसुद्धा नाहीत. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात काकडी निवडताना पाहतात तसं. "पण टाकीखात्यात सहा जागा आहेत. तुमच्यासारख्यांना तिथे फार वाव आहे. शिक्षण आहे आणि अंगावर मांसही नाही. असं एकत्र मिळतं कुठे?"

मदतनीस हसला. भाचीही कसनुसं हसली. तिचं ते हसणं मामाला बघवेना. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "घरी जा. मी बघतो दुसरीकडे."

"दुसरीकडे कुठे?" ती हळूच म्हणाली. "मामा, मी घेते ही नोकरी. आई रोज विचारत नाही, पण रोज बघते. मला ते सहन होत नाही."

"आत काय असतं माहीत आहे का तुला?"

"तू जातोस की एकवीस वर्षं. काही झालं का तुला?"

यावर त्याला खरं उत्तर देता आलं असतं. पण खरं उत्तर दोन वर्षं त्याने घरीही दिलं नव्हतं.

खरं असं होतं. तांब्याच्या वेटोळ्यांना ओल लागू नये म्हणून टाकीत नायट्रोजन भरून ठेवतात. माणूस आत जाण्याआधी तो काढून चांगली हवा सोडतात. पण एखाद्या कोपऱ्यात तो राहिला तर कळत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गोड झोप येते, बस. म्हणून पूर्वी टाकीच्या तोंडाशी स्टुलावर एक म्हातारा बसायचा. त्याला सगळे दोरीवाले आजोबा म्हणत. आतल्याच्या कमरेला बांधलेली दोरी त्यांच्या हातात असायची, आणि ते देवाची गाणी म्हणायचे. आवाज फाटका, सूर देवालाच ठाऊक. पण नियम असा की वरची ओळ आजोबांनी म्हणायची आणि धृपद आतून आलं पाहिजे. पाना फिरवत, तेल पुसत, आतला माणूस धृपद म्हणायचा. एकदा नाही आलं तर आजोबा पुन्हा म्हणायचे. दुसऱ्यांदाही नाही आलं तर दोरी ओढायचे. चार माणसं त्यांनी अशी गाण्यावर बाहेर काढली होती. मामा त्यातला एक.

दोन वर्षांपूर्वी आजोबा निवृत्त झाले तेव्हा हसऱ्या साहेबाने फाईलवर लिहिलं, 'हा कर्मचारी दिवसभर बसून गातो.' त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

"चला मुंगूस, दाखवा मंडळींना," साहेबाने टाळी वाजवली.

मामाने शर्ट काढून भाचीच्या हातात दिला. बनियनवर तो कड्यापुढे उभा राहिला. ताज्या रंगाचा वास, लाल ओठ. त्याने हात घातले, डोकं घातलं, खांदे तिरके करून पुढे सरकला. कमरेपर्यंत आला आणि थांबला.

"हं, पुढे," फोटोवाला म्हणाला.

"अडकलो," मामा म्हणाला.

हॉलभर हशा पिकला. साहेब म्हणाला, "मुंगूस, घरी जेवण जास्त होतंय. श्वास सोडा."

"सोडला."

खरं तर झोपेतही तो त्यातून गेला असता. त्याने पोट फुगवून ठेवलं होतं.

"ओढा मला कोणीतरी," तो म्हणाला.

मदतनीसाने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मदतनीसाकडे पाहिलं. "कोण ओढणार आता? तुम्हीच निघा."

"तेच विचारतोय, साहेब. आत असं झालं तर कोण ओढणार?"

हशा हळूहळू विरला. मामाला मान वर करता येत नव्हती. बघायला रांग चौकटीला वळसा घालून पुढे आली होती, पण त्याला दिसत होत्या त्या नुसत्या चपला आणि बूट. तो चपलांशी बोलल्यासारखा बोलू लागला.

"सहा जागा का निघाल्यात ते विचारा. चार जण आपणहून सोडून गेले. पाचव्याने तब्येतीपायी काम सोडलं. सहावा आमचा वायरमन. गेल्या वर्षी आत झोपला. बाहेर दोरीला कोणी नव्हतं, गाणारं कोणी नव्हतं, म्हणून आतला गप्प झालाय हे कळलंच नाही कोणाला. जेवणाच्या सुट्टीत त्याचा डबा तसाच दिसला, तेव्हा शोधलं. जगला तो. पण आज स्वतःच्या घराच्या जिन्यात उभा राहतो आणि चढायचं की उतरायचं ते त्याला आठवत नाही. चौकशीत मला विचारलं, हवा तपासली होती का. मी म्हटलं, तपासली होती. मी तिथे नव्हतोच. सही मात्र माझी आहे."

"कॅमेरा बंद कर," साहेब म्हणाला. पहिल्यांदाच त्याचे दात दिसत नव्हते.

"केव्हाच केला, साहेब," फोटोवाला पुटपुटला.

रांगेत कुजबुज झाली. दोन बूट मागे वळले, मग एक जोडी चपला. मामाला बरं वाटलं. वाटलं, आता बाकीचे वळतील. तेवढ्यात अगदी जवळ कोणीतरी येऊन उभं राहिलं. तो मघाचा वेल्डर होता.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "मला दोन दिवसांची भूक आहे. तुमचं बोलणं पटतंय. पण बाजूला व्हा, मागच्यांचा खोळंबा होतोय."

त्याच्या मागच्या चपला एक पाऊल पुढे आल्या.

अशी किळस मामाला कधीच आली नव्हती. ना तेलाची, ना घामाची. पन्नास माणसं, आणि त्यांना त्या ओठांतून आत जायचं होतं. सगळं ऐकूनही. आणि ती कड एवढी गुळगुळीत त्यानेच केली होती.

"मामा, पोट सोड," भाची कानाशी म्हणाली. तिने ओळखलं होतं. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि तो पलीकडे निघाला. तो शर्टाची बटणं लावत होता तोवर ती साहेबाच्या टेबलाशी गेली होती.

"या सहा जागांत दोरी धरणाऱ्याची जागा कुठली?"

"ती पोस्ट आता नाही आपल्याकडे."

"बरं." तिने आपला अर्ज ओढून घेतला आणि सहीच्या वर एक ओळ लिहिली: टाकीच्या तोंडाशी माणूस असल्याशिवाय मी आत उतरणार नाही. खाली सही केली आणि कागद परत सरकवला.

साहेबाने ओळ वाचली. दात परत आले होते. "ताई, अटी कंपनी घालते, उमेदवार नाही." त्याने शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं, 'मापात बसत नाही,' आणि मदतनीसाला खूण केली.

"अठरा नंबर," मदतनीस म्हणाला.

दोघं बाहेर पडून फाटकापर्यंत आली. मग भाची भडकली.

"बोलायचंच होतं तर घरी बोलायचंस. पन्नास लोकांसमोर नाटक कशाला?"

"घरी कसं बोलू? घरी मी रोज सांगतो, सगळं ठीक आहे."

"तू केव्हापासून दोरीशिवाय जातोयस?"

"दोन वर्षं झाली."

"मामीला माहीत आहे?"

"नाही."

"किळस येते मला," ती म्हणाली.

"माझी?"

"तुझी थोडी. माझी जास्त. त्याने मला काकडीसारखं बघितलं आणि मी हसले, मामा. हसले मी." तिने तोंडावरून हात फिरवला, काही चिकटलं असावं तसा. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "उद्या टाकी आहे?"

"आहे. मोठी आहे."

"जाणार आहेस?"

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत गं फक्त."

"वायरमनची किती राहिली होती?"

ताईने दार उघडलं तेव्हा तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि 'झालं का' हे विचारलंच नाही. हात पुसत म्हणाली, "बसा, जेवून घ्या."

"जेवण थोड्या वेळाने," भाची म्हणाली. "आई, मामाला एक अर्ज लिहायचाय. कोरा कागद दे."

"कसला अर्ज? आणि तुझ्या नोकरीचं?"

"नाही झालं. सांगते सगळं. आधी हा लिहू दे."

ताईने फडताळातून कागद काढला आणि भावापुढे ठेवला. मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. बोटांच्या रेषांत तेल होतं, ते कधी जातच नसे. कागदाला डाग पडू नये म्हणून त्याने खाली वर्तमानपत्राची घडी घेतली. वर तारीख घातली, साहेबाचा हुद्दा लिहिला, आणि मग सवयीने: 'नम्र विनंती की'.

"विनंती कशाला?" भाची त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "उतरणारा तू. कळवतो लिही."

"साहेबाला? मी कळवायचं?"

"दुसरं कोण कळवणार?"

त्याने पेन उचलून धरलं. एकवीस वर्षांत त्याने लिहिलेला प्रत्येक अर्ज विनंतीने सुरू झाला होता. रजेचा, हातमोज्यांचा, साबणाच्या जादा वडीचा. साबण मिळाला होता. त्याने त्या तीन शब्दांवर एक रेघ मारली, मग आणखी एक.

"अरे, खाडाखोड दिसते," ताई म्हणाली. "थांब, दुसरा कागद देते."

"दिसू दे," तो म्हणाला, आणि त्या रेघेपुढे लिहू लागला, "कळवतो की उद्यापासून टाकीच्या तोंडाशी माणूस असल्याशिवाय..."